एक चेंडू, दोन माणसं: मेलबर्नमधला गोल्फचा विश्वचषक

बुधवार, २१ नोव्हेंबर २०१८

मेट्रोपॉलिटन गोल्फ क्लब मेलबर्नच्या आग्नेय भागात, ओकली साउथला आहे. माझी मावसबहीण क्लेटनला राहते. तिच्या घरून निघालं की शहराच्या दिशेने एकच स्टेशन जायचं, हंटिंगडेलला उतरायचं आणि दक्षिणेकडे चालत सुटायचं. सहा डॉलरचं मायकी कार्ड घेतलं, त्यात पैसे भरले, की ट्रेन, ट्राम, बस सगळीकडे तेच चालतं. क्लेटन स्टेशन याच वर्षी उंच खांबांवर चढवलंय. त्यामुळे गाडीची वाट पाहताना खालची सगळी वस्ती दिसते: लाल कौलांची बसकी घरं आणि मधूनमधून गर्द झाडीचे मोठे तुकडे. त्यातले बरेचसे तुकडे म्हणजे गोल्फ कोर्स, असं ताईने सांगितलं. या भागाचं नावच सँडबेल्ट. जमिनीखाली वाळू आहे, त्यामुळे पाणी साचत नाही आणि मैदान घट्ट राहतं. रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, व्हिक्टोरिया, कॉमनवेल्थ, हंटिंगडेल, मेट्रोपॉलिटन हे सगळे नामवंत क्लब या वाळूमुळे एकमेकांच्या शेजारी नांदतात.

आज सरावाचा दिवस होता. मी मुद्दाम आजच गेलो, कारण सामने सुरू झाले की माणूस खेळाडू बघतो, मैदान बघायचं राहून जातं. आणि मेट्रोपॉलिटन बघण्यासारखं आहे. इथलं वैशिष्ट्य ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, कडेला दिसतं. बहुतेक कोर्सवर ग्रीन आणि बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, यांच्यामध्ये थोडं वाढलेलं गवत असतं, ते चेंडूला अडवतं. इथे ग्रीनचं बारीक कापलेलं गवत थेट बंकरच्या ओठापर्यंत नेलंय. चेंडू किंचित जोरात आला की अडवायला काही नाही, तो सरळ वाळूत. फेअरवेवरचं, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या मुख्य पट्ट्यावरचं, गवत मात्र आपल्या ओळखीचं निघालं. इथे ज्याला काउच म्हणतात ती आपली हरळीच. इतकी दाट आणि सारखी हरळी मी कुठेही पाहिलेली नाही. चेंडू तिच्यावर जणू टेकवून ठेवल्यासारखा उभा राहतो.

क्लब इथे १९०८ साली आला. १९२६ मध्ये गोल्फ कोर्सचे आराखडाकार अ‍ॅलिस्टर मॅकेंझी मेलबर्नला आले, तेव्हा त्यांनी इथल्या बंकरांबद्दलही सल्ला दिला होता. पुढे सरकारने शाळांसाठी क्लबची काही जमीन सक्तीने घेतली आणि डिक विल्सन या अमेरिकन आराखडाकाराकडून नवे होल (सुरुवात ते भोक असा खेळाचा एकेक टप्पा) करून घ्यावे लागले. म्हणजे आज आपण चालतो ते मैदान दोन काळांचं आहे. मला तो जोड कुठे दिसला नाही. तसा तो दिसू न देणं हे मोठंच काम आहे.

आता स्पर्धेबद्दल थोडं. गोल्फ हा एकट्याचा खेळ. स्वतःचा चेंडू, स्वतःचा फटका, स्वतःचं कार्ड. त्यात देशांच्या जोड्यांची स्पर्धा सुरू झाली १९५३ मध्ये, कॅनडातल्या माँट्रिअलला. जॉन जे हॉपकिन्स या उद्योगपतीची ही कल्पना: खेळाच्या निमित्ताने देश एकत्र यावेत. नाव होतं कॅनडा कप. पहिलाच कप अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विचेन्सो आणि आंतोनिओ सेर्दा यांनी नेला. १९५७ मध्ये टोकियोजवळच्या कासुमिगासेकी इथे जपानच्या तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांनी बाकी सगळ्यांना, अगदी अमेरिकनांनाही मागे टाकलं, आणि जपानमध्ये गोल्फचं वेड पसरलं ते तेव्हापासून. १९६७ मध्ये नाव बदलून वर्ल्ड कप झालं. अमेरिकेने तो सर्वाधिक, २४ वेळा जिंकलाय. इतका जुना आणि इतका चांगला विचार असलेली ही स्पर्धा अलीकडे मात्र दरवर्षी होत नाही. २०११, २०१३, २०१६ आणि आता २०१८. माझ्या मते तिला याहून जास्त मान मिळायला हवा, आणि मी इतक्या लांब आलो तो त्यासाठीच.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

२८ देश, ५६ खेळाडू. क्रमवारीनुसार २८ देश ठरतात, आणि त्या त्या देशाचा जो खेळाडू पात्र ठरतो तो आपला जोडीदार स्वतः निवडतो. ही गोष्ट मला या स्पर्धेत सर्वांत सुंदर वाटते. निवड समिती नाही, हा आपल्याच माणसाला दिलेला शब्द असतो.

पहिला आणि तिसरा दिवस फोरबॉलचा. दोघंही आपापला चेंडू खेळतात आणि होलवर ज्याचे फटके कमी त्याचा आकडा जोडीचा. त्यामुळे एकाने आधी चेंडू सुखरूप ग्रीनवर ठेवला की दुसरा मोकळा होतो. तो भोकातल्या झेंड्यावर थेट चाल करू शकतो, बंकरच्या ओठाशी खेळू शकतो. आज सगळीकडे हेच चाललं होतं. मी दोराच्या कडेने अर्धा दिवस भारताच्या जोडीबरोबर चाललो. अनिर्बान लाहिरी आणि गगनजीत भुल्लर. लाहिरी जन्माने पुण्याचा, २०१५ च्या पीजीए चँपियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला होता. एवढ्या मोठ्या स्पर्धेत भारतीयाने तिथवर जाणं ही किती मोठी गोष्ट होती, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. भुल्लरने याच ऑगस्टमध्ये फिजी इंटरनॅशनल जिंकली. पण मला त्यांच्याबद्दल खरं आकर्षण होतं ते दोहाच्या आशियाई स्पर्धेमुळे. २००६ मध्ये भारताच्या हौशी संघाने तिथे सांघिक रौप्य मिळवलं, त्या चौघांत हे दोघंही होते. बारा वर्षांपूर्वीची सोबत आहे ही. फेअरवेवरून जाताना दोघं बोलत होते, ग्रीनवर एकाच पटकडे (चेंडू भोकाकडे घरंगळवायच्या फटक्याकडे) दोन बाजूंनी वाकून बघत होते. माझ्या शेजारी पगडी घातलेले एक वयस्कर सरदारजी होते. भुल्लर टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, आला की ते टाळी वाजवायचे आणि लगेच हात मागे बांधून शांत उभे राहायचे. इथले स्वयंसेवक शांततेच्या पाट्या उंचावतात, पण त्यांना तसं सांगायची गरज पडत नव्हती.

दिवसअखेर कोरियाचे आन ब्योंग-हुन आणि किम सी-वू ६२ वर होते, पारपेक्षा, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा, दहा कमी. बेल्जियम ६३. फोरबॉलमध्ये असे आकडे लागतातच. खरा निवाडा उद्या.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

सकाळपासून थंडी, वारा आणि पाऊस. नोव्हेंबर म्हणजे इथे उन्हाळ्याचा उंबरठा, पण आज तसं काही वाटत नव्हतं. ताई म्हणाली, "अरे, आज घरीच टीव्हीवर बघ." मी म्हटलं, "ताई, आजचाच दिवस बघायला तर आलोय." तिने भाऊजींचा जाड रेनकोट काढून दिला.

आज फोरसम. जोडीला एकच चेंडू. एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने, पुन्हा पहिल्याने. विषम होलांवर टीवरून कोण मारणार आणि सम होलांवर कोण, हे सुरू होण्याआधी ठरतं, आणि मग अठरा होल तो क्रम बदलत नाही, मागच्या होलवर शेवटचा पट कुणीही टाकलेला असो. त्यामुळे जोड्या आदल्या रात्री कोर्सचा नकाशा घेऊन बसतात. पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचे छोटे होल, कुणाच्या वाट्याला जातात, लांब मारणाऱ्याला कोणते होल मिळतात, कुणाचा हात लोखंडी क्लबवर (खेळायच्या काठीवर) चांगला आहे, हे सगळं जुळवावं लागतं. चेंडू कोणता वापरायचा हाही प्रश्न असतो. प्रत्येकाला आपल्या सवयीचा चेंडू हवा असतो आणि दोघांचे चेंडू वेगळे असतात. ग्रीनवर जाणारा फटका नाजूक, म्हणून अनेक जोड्या तो फटका मारणाऱ्याच्या पसंतीचा चेंडू घेतात. टीवरचा माणूस मग परक्या चेंडूशी जुळवून घेतो. इतक्या बारीक पातळीवर दुसऱ्याचा विचार करायला लावणारा खेळाचा दुसरा प्रकार मला माहीत नाही.

आणि त्यात आजची हवा. फोरसममध्ये माणूस निम्मेच फटके मारतो. मधली दहा-बारा मिनिटं हात खिशात घालून नुसतं चालायचं, आणि मग एकदम गार पडलेल्या बोटांनी दीडशे मीटरचा फटका मारायचा. लय बसतच नाही. क्लबची मूठ पुसायला टॉवेल, टॉवेल कोरडा ठेवायला छत्री, छत्री धरायला कॅडी, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणारा मदतनीस. वारा उलटा फिरला की कॅडीची निम्मी ताकद छत्री सांभाळण्यात जात होती.

मी एका होलच्या ग्रीनपाशी दुपारभर थांबलो. काठाला दोन खोल बंकर, ग्रीन त्यांच्याकडे उतरणारी. तिथे उभं राहून कळतं की फोरसममध्ये चांगला फटका म्हणजे नक्की काय. फोरबॉलमध्ये सगळे झेंड्याकडे मारत होते. आज कित्येक जोड्या मुद्दाम ग्रीनच्या वरच्या अंगाला, झेंड्यापासून लांब मारत होत्या, कारण पुढचा पट आपल्याला टाकायचा नाही, तो जोडीदाराला टाकायचाय. लांबचा पण सरळ पट बरा, जवळचा पण उतरता नको. कॅरमच्या डबल्समध्ये हुशार खेळाडू समोरच्या जोडीदाराच्या हाताला येईल अशी सोंगटी सरकवून ठेवतो, तसंच हे. स्वतःच्या फटक्याचं मोल आपल्यानंतर येणाऱ्याच्या फटक्यात मोजायचं. आणि फटका वाईट गेला तर? वाळूत उतरायचं जोडीदाराने. मी आज असे कितीतरी प्रसंग पाहिले. चेंडू घरंगळत बंकरमध्ये जातो, मारणारा मान खाली घालतो, आणि दुसरा काही न बोलता सँड वेज, म्हणजे वाळूतून मारायचा क्लब, मागून घेतो. त्या क्षणी दोघं एकमेकांकडे कसे बघतात यावर पुढचे चार होल ठरतात, असं मला ठामपणे वाटतं. ज्यांच्यात आधीपासून मैत्री आहे ते हसून पुढे जातात. जे केवळ क्रमवारीमुळे एकत्र आलेत त्यांच्यात एक अवघडलेली शांतता असते, आणि ती स्कोअरबोर्डवरही उतरते.

एवढा पाऊस पडूनही फेअरवेवर कुठे तळं साचलेलं दिसलं नाही. खालची वाळू सगळं पीत होती.

संध्याकाळी बोर्डवर बेल्जियम आणि कोरिया बरोबरीत होते, दोघंही पारखाली दहा. बेल्जियमने आज ७१ केले, कोरियाने ७२. कालच्या ६२-६३ नंतर हे आकडे वाचणाऱ्याला सामान्य वाटतील. मी तिथे उभा होतो म्हणून सांगतो, आजचे ७१ कालच्या ६३ पेक्षा मोलाचे.

भाऊजी आणि भाचा रात्री एमसीजीवर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटीला गेले होते. ऑस्ट्रेलियाची १९ षटकं झाली, ७ बाद १३२, आणि पाऊस परत आला. भारताची फलंदाजी झालीच नाही. दोघंही चिंब भिजून परतले. भाचा फार नाराज होता. ताईने सगळ्यांना गरम वरणभात वाढला, आणि भाऊजींनी मला गोल्फचं विचारायला सुरुवात केली. ते इथे कधीमधी खेळतात, पण फोरसम त्यांनी कधी खेळलेलं नव्हतं.

शनिवार, २४ नोव्हेंबर

आज व्हिक्टोरिया राज्याची निवडणूक. इथे मतदान सक्तीचं आहे. शाळाशाळांत केंद्रं, आणि दारातच पालकांनी शेगडी मांडून सॉसेज भाजायला घेतलेले. मत देऊन आलेले लोक पावात गुंडाळलेला सॉसेज खात रांगेतल्या ओळखीच्यांशी गप्पा मारत होते. ताई-भाऊजींनी मतदान केलं आणि भाऊजी माझ्याबरोबर मैदानावर आले.

पुन्हा फोरबॉल. आज बेल्जियमच्या मागे चाललो. थॉमस पीटर्स आणि थॉमस डेट्री. नावं सारखी, वयात एका वर्षाचं अंतर, लहानपणापासूनचे मित्र आणि दोघंही अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या संघातले. पीटर्सने २०१६ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे युरोप-अमेरिका सांघिक स्पर्धेत, पदार्पणातच चार गुण मिळवले होते, तेव्हापासून तो जोडीच्या खेळाचा माणूस म्हणून ओळखला जातो. डेट्रीचं नाव तितकं गाजलेलं नाही. पण आज कोण पुढे, कोण मागे हे कळत नव्हतं. एक चुकला की दुसरा तयार. ६३. दिवसअखेर पारखाली १९ आणि पाच फटक्यांची आघाडी.

मैदानातून निघाल्यावर भाऊजी मला ओकलीला घेऊन गेले. ईटन मॉल हा ग्रीकांचा रस्ता. कॉफीच्या टेबलांवर आजोबांची पिढी जोरजोरात बोलत बसलेली, दुकानांतून मधात बुडवलेल्या लुकुमाडेसचा, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांचा, वास. ग्रीसची जोडीही या स्पर्धेत आहे, आणि ती खेळतेय ते मैदान या ग्रीक वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. जोडी क्रमवारीत वर नसली तरी देशाच्या नावाने खेळणाऱ्यांना घरापासून हजारो मैलांवर घर भेटावं, हे या स्पर्धेतच शक्य आहे. लुकुमाडेस आम्ही दोन वेळा मागवले.

रविवार, २५ नोव्हेंबर

शेवटचा दिवस फोरसमचा, हे आयोजकांनी फार चांगलं केलं. एकच चेंडू असताना पाच फटक्यांची आघाडी फार मोठी नसते. दोन वाईट होल आणि सगळं उघड्यावर.

प्रेक्षक अर्थातच ऑस्ट्रेलियाचे. मार्क लीशमन याच राज्यातला, वॉर्नमबूलचा, आणि त्याच्या जोडीला कॅमेरन स्मिथ. त्यांनी ६५ केले. फोरसममध्ये ६५! मेक्सिकोचा अब्राहम आन्सेर तर गेल्याच रविवारी सिडनीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आलेला. त्याने आणि रोबेर्तो दियासने ६६ केले. दोन्ही जोड्या पारखाली २० वर पोचल्या. पुढच्या गटाकडून आरोळ्या यायच्या आणि मागे बेल्जियमच्या भोवतीचे लोक बोर्डकडे बघायचे.

बेल्जियमचे दोघं बोर्डकडे फारसे बघत नव्हते. मला त्यांच्यात शुक्रवारी इतरांत पाहिलेलं अवघडलेपण कुठेच दिसलं नाही. फटका मारून झाला की मारणारा बाजूला व्हायचा, आणि पुढच्याला हवं तेवढंच सांगायचा. ६८. एकूण २६५, पारखाली २३, तीन फटक्यांनी विजय. ६५ वर्षांच्या इतिहासात बेल्जियमने हा चषक पहिल्यांदा नेला. अमेरिकेकडून २०११ चा विजेता मॅट कुचर खेळत होता, इंग्लंडकडून इयन पोल्टर होता, आणि कप नेला तो गोल्फच्या नकाशावर लहान असलेल्या देशाने. दोन वर्षांपूर्वी किंग्स्टन हीथवर डेन्मार्कने नेला होता. एकट्याच्या स्पर्धांत देशाचं नाव पुढे यायला दहा-वीस मोठे खेळाडू लागतात. इथे दोन पुरतात, फक्त ते एकमेकांचे असावे लागतात. भारतासारख्या देशाने या स्पर्धेकडे किती गांभीर्याने बघायला हवं, हे मी भाऊजींना परतीच्या वाटेवर सांगत होतो. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धांमध्येही जोडीचा खेळ जवळजवळ नसतोच. तो असायला हवा.

रात्री सिडनीला कृणाल पंड्याच्या चार बळींनंतर विराटने नाबाद ६१ करून सामना काढला, मालिका बरोबरीत सुटली, आणि भाच्याची शुक्रवारची भरपाई झाली.

सोमवार, २६ नोव्हेंबर

ब्लॅक रॉकच्या बाजूला रॉयल मेलबर्न. १९५९ मध्ये कॅनडा कप इथे झाला आणि पीटर थॉमसन व केल नेगल यांनी तो ऑस्ट्रेलियासाठी जिंकला. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेले थॉमसन याच जूनमध्ये मेलबर्नमध्ये वारले. भारतीय गोल्फवर त्यांचं मोठं ऋण आहे. इंडियन ओपन उभी राहण्यामागे ते होते, १९६४ ची पहिली स्पर्धा त्यांनीच जिंकली, मग १९६६ आणि १९७६ मध्येही. आजच्या व्यावसायिक भारतीय खेळाडूंची वाट तिथून निघाली, म्हणून मी त्या कुंपणाबाहेर मुद्दाम थांबलो.

रस्त्याच्या पलीकडे सँडरिंगहॅमचा सार्वजनिक कोर्स आहे. तिथे कुणालाही पैसे भरून खेळता येतं. भाऊजींनी सुट्टी घेतली होती. क्लब भाड्याने घेतले आणि आम्ही एकच चेंडू टीवर ठेवला. विषम होल त्यांचे, सम माझे. पहिल्या होलवर भाऊजी म्हणाले, "तुला कुठून मारायला सोपं जाईल ते आधी सांग, मग मी मारतो." मी डावीकडे बोट दाखवलं, तिथून ग्रीन मोकळी दिसत होती. त्यांनी चेंडू नेमका तिथेच टाकला.